चाळीस दिवसांच्या उपासाची पाहुणी

तारामतीला उपास म्हटलं की आधी भूकच लागायची. सासूनं नुसतं म्हणावं, "तारा, उद्या चौदस हाय बरं," की हिच्या पोटात आजपासूनच कावळे ओरडायला लागायचे. किन्हीराजात तिच्या नवऱ्याचं, चंपालाल सेठचं, किराणा-धान्याचं दुकान, दुकानामागं घर. त्या घरात सून होऊन येऊन तिला सोळा वर्षं झाली होती, पण या सोळा वर्षांत तिचा एक उपास धड पार पडला असेल तर शपथ! एकदा पर्युषणात मोठ्या हौसेनं उपास धरला आणि दुपारी तीन वाजता फडताळात डोकं खुपसून शेव खाताना खुद्द सासूच्याच हाती सापडली. तेव्हापासून त्या घरात शेवेचा डबा वाजला की कुणीतरी हसायचंच.

आणि सासू? पानाबाई! सदुसष्ट वर्षांची, काडीसारखी वाळलेली, पण उपासाला बसली की भलेभले तोंडात बोट घालायचे. आता जैनांच्या घरचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, वर शेंगदाण्याचा लाडू, असला लाडाकोडाचा उपास नव्हे हो. पोटात अन्नाचा कण जायचा नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. कच्चं पाणी घोटभर गेलं तरी उपास मोडला. असे आठ उपास सलग केले की अठाई होते, आणि महिनाभर कुणी केले तर गावोगावचे लोक त्याच्या पाया पडायला येतात, त्याचा वरघोडा, म्हणजे वाजतगाजत मिरवणूक निघते. पानाबाईच्या नावावर नऊ अठाया जमा होत्या. अठाईतही ती जात्यावर बसायची, आणि सुनेवर ओरडायची ती भरल्या पोटी ओरडते त्याच्या दुप्पट.

तर चौऱ्याहत्तर साली त्या घरात जो धुमाकूळ झाला तो एका फादरमुळे झाला. बिचाऱ्याचा दोष काहीच नव्हता. तो खरं बोलला, एवढंच.

हा फादर अकोल्याकडून फटफटीवर यायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं गावापासून कोसभरावरच्या तांड्यात विहिरीचं काम काढलं होतं. तांड्यातली माणसं खोदायची, फादर त्यांना कामाच्या बदल्यात दलिया नि तेल द्यायचा, आणि दलियाची पोती ठेवायला पक्कं गोदाम गावात एकच, चंपालाल सेठचं. विहीर तीस हात खाली गेली आणि काळ्या खडकाला अडली. मग सुरुंग आले, मशीन आलं, सिमेंट आलं. हे सगळं दिलं आयर्लंड नावाच्या देशातल्या एका लहानशा गावानं. तिथल्या चर्चच्या लोकांनी. फाल्गुनात खडक फुटला आणि पाणी असं उसळलं की तांड्यातल्या बायांनी एकमेकींना आत ढकलायचंच बाकी ठेवलं.

पण प्यायचं कोणी? कोणीच पिईना! तांड्याची पुढारीण गोमतीबाई म्हणजे मोठं ठसकेबाज प्रकरण. हातभर चुडे, कपाळापर्यंत चांदी, आणि आवाज असा की तांड्यात बोलली तर किन्हीराजात ऐकू यावं. तिनं फादरला सुनावलं, "आमच्यात नेम हाय. ज्यानं विहीर देल्ली त्याच्या तोंडी पयला लोटा. मंग आमी."

"अहो, ते लोक सात समुद्रापलीकडे आहेत!" फादर म्हणाला.

"मंग बलाव त्याईले. आमी थांबतो."

आणि खरंच थांबले की! दीड महिना तांड्यातल्या बाया भरलेल्या विहिरीवरून घागरी मिरवत अर्ध्या कोसावरच्या नाल्याला जात राहिल्या. शेवटी फादरनं हात टेकले, आयर्लंडला पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं की ब्रिजेट नावाच्या बाई येत आहेत, चर्चमधली वर्गणी गोळा करण्याचं काम त्याच बघतात.

ही बातमी सांगायला फादर दुकानात आला तेव्हा चंपालालनं सहज विचारलं, "फादर, ते लोक मोठे श्रीमंत असतीन?"

"छे हो. शेतकरी आहेत, मास्तर आहेत, दुकानदार आहेत तुमच्यासारखे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास धरतात. त्यातून जे वाचतं ते एका पुठ्ठ्याच्या डबीत टाकतात, दूरदेशीच्या गरिबांसाठी."

चंपालालच्या हातातला तराजू हवेतच राहिला. "चाळीस?"

"चाळीस."

"एखादा दुसरा करत असीन."

"नाही, जवळजवळ सगळं गाव करतं. म्हातारेकोतारे, लेकरंसुद्धा. या ब्रिजेटबाईंचाही गेल्या आठवड्यातच संपला."

एवढं बोलून फादरनं चहा संपवला, फटफटीला लाथ मारली आणि गेला. चाळीस दिवस ते लोक खातात काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? उपासात खातात काय, हा प्रश्नच त्या दुकानात कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

दोन दिवसांत बातमी शेजारच्या मालेगावला पोचली, तिथून एसटीत बसून रिसोडला नि मंगरूळपीरला. आख्खं गाव चाळीस दिवस पाण्यावर! लेकरंसुद्धा! आपल्याकडं महिनाभराचा उपास दहा वर्षांत एखादा होतो, आणि तिकडं घरटी चार-चार! आणि त्यातली एक तपस्वी बाई पारणं होऊन महिनाही झाला नाही तोच विमानात बसून किन्हीराजाला येऊन राह्यली! आजूबाजूच्या सगळ्या गावच्या जैन पंचांनी एकमतानं ठरवलं की वरघोडा काढायचा, आणि असा काढायचा की लोक पोरासोरांना सांगतील. मंगरूळपीरचा बँड ठरला. बैलगाडीला झुली, आरसे, झेंडूच्या माळा. एवढं एकमत त्या पंचांचं आजवर कधी झालं नव्हतं.

हे सगळं ठीक होतं. पण पडद्याआडून पानाबाईनंही ऐकलं होतं.

त्या दिवशी तिनं सुनेला एकदाही टोकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पानाबाई हात जोडून म्हणाली, "सात समुद्रापल्याडचे लोक उपाशी राह्यतात, आपल्या तांड्याले पानी मिळावं म्हनून. आन आपन कोसभरावर राहून काय केलं? गोदामाची किल्ली देल्ली! मी बी चाळीस करीन."

चंपालाल रडला. पण उपासाला बसलेल्या माणसाला "सोड" म्हणणं म्हणजे त्या घरात पाप. चौथ्या दिवशी गावचे लोक पाया पडायला येऊ लागले. आठव्या दिवशी मालेगावचे डॉक्टर आले, नाडी धरली, छाती तपासली आणि चंपालालला बाहेर नेऊन म्हणाले, "सेठ, हृदय थकलंय. आणखी चार-पाच दिवस काढले तर मी काही बोलणार नाही. मला बोलवूही नका."

तारामतीनं ते दाराआडून ऐकलं. सोळा वर्षं ऐकलेली बोलणी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ते बाळंतपण, जेव्हा मूल गेलं आणि ही म्हातारी एकवीस रात्री तिच्या उशाशी बसून होती, एक शब्द न बोलता. तारामतीला सासू हवी होती. ओरडणारी, टोमणे मारणारी, जशी आहे तशी हवी होती.

आशा एकच होती. चाळीसचा संकल्प असला तरी पच्चक्खाण, म्हणजे नेम, पानाबाई रोज सकाळी त्या दिवसापुरता घ्यायची. तो घेतला की दिवस बांधला गेला, मग प्राण गेला तरी मोडायचा नाही. पण एखाद्या सकाळी घेतलाच नाही तर? तर ती मोकळी. आणि अकराव्या दिवशी संध्याकाळी ही आशाही संपली. पानाबाई खाटेवरून म्हणाली, "उद्या ते तपस्वी बाई येऊन राह्यली ना? उद्याचं पच्चक्खाण मी तिच्याच तोंडून घेईन. आन एका दिवसाचं नाई. उरलेल्या एकोनतीसचं, एकदमच."

"अगं माय!" तारामतीच्या तोंडून निघून गेलं.

"काय झालं वो बोंबलाले? तुले थोडीच करा लागते!"

त्या रात्री तारामतीनं मनाशी ठरवलं की त्या परदेशी बाईला कसंही करून गाठायचं. रिसोडच्या शाळेत मॅट्रिकला तिला इंग्रजीत बेचाळीस मार्क पडले होते. बेचाळीस तर बेचाळीस.

सकाळी सातच्या एसटीनं पाहुणी उतरली आणि जमलेली तीनशे माणसं गपकन गप झाली. कारण ब्रिजेटबाई चांगली भरदार होती. गोल गाल, गोल दंड, दुहेरी हनुवटी, फुलाफुलांचा फ्रॉक, डोक्यावर गवती टोप, आणि हसली की सगळं अंग हसायचं.

"चाळीस दिवस!" कुणीतरी पुटपुटलं. "आन अजून एवढी!"

"मंग आधी केवढी असीन, विचार कर!"

"तपाचं तेज हाय ते, तुले काय समजते!" रिसोडच्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून हात जोडले, आणि तीनशे हात जोडले गेले. बँडनं धडाक्यात सुरुवात केली. ब्रिजेटबाईला वाटलं की हिंदुस्थानात एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचं असंच करत असावेत. ती सगळ्यांना "नमस्ते, नमस्ते" म्हणत गाडीवरच्या खुर्चीत बसली. फादर पहाटेपासून तांड्यावर बिछायती अंथरत होता, त्याला या वरघोड्याचा पत्ताच नव्हता. म्हणून दुभाषी म्हणून शेजारी तारामतीला बसवलं. आणि पानाबाई?

"बाई, गाडीत बस," चंपालाल आईपुढं गयावया करत होता.

"तपस्वीच्या बराबरीनं मी बसू? पायीच चालीन." बारा दिवसांच्या उपाशी पोटी, वैशाखाच्या उन्हात, अनवाणी, ती गाडीच्या चाकाला हात लावून चालायला लागली. दर दहा पावलांवर थांबायची, वर बघायची, हात जोडायची. ब्रिजेटबाईही हात जोडायची. "ही गोड आजी कोण?" तिनं विचारलं.

तारामतीनं बेचाळीस मार्कांना हाक मारली. म्हणाली, माझी सासू. बारा दिवस जेवली नाही. तुमच्यासारखी.

"माझ्यासारखी?"

तुमचा चाळीस दिवसांचा उपास. त्याचाच हा बँड. त्याचीच ही गाडी. तुमची फार भक्ती करतात लोक.

ब्रिजेटबाईनं एकदा बँडकडं पाहिलं, एकदा आपल्या मांडीवरच्या हारांच्या ढिगाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण मी जेवत होते. रोज. तीन वेळा."

"तीन?"

"मी फक्त केक सोडला होता. केक, बिस्किटं, आणि चहातली साखर. शुक्रवारी मटण नाही. माझा नवरा सिगारेट सोडतो. मुलं चॉकलेट सोडतात. आणि ते वाचलेलं डबीत." तिचे गोल डोळे आणखी गोल झाले. "यांना काय वाटलं?"

तारामतीनं पदर तोंडात कोंबला. तरी हसू थांबेना. नाकातून आलं, डोळ्यांतून आलं, खुर्ची हलायला लागली. मंगरूळपीरचा बँड, मालेगावचे पंच, झुली, आरसे, झेंडू, आणि हे सगळं कशासाठी तर बिनसाखरेच्या चहासाठी! अरे, असा उपास असता तर आपणही नऊ वेळा वरघोड्यात बसलो असतो की! आणि हसता हसता तिची नजर चाकाजवळ गेली. पानाबाईचे ओठ पांढरे पडले होते. तारामतीचं हसू तिथंच सुकलं.

तिनं वाकून सासूच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाई! ते जेवत होती! रोज तीनदा! निस्ता केक सोडला होता तिनं!"

पानाबाई थबकली. बँड कानात वाजत होता, पण तिनं ऐकलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहा वो तारा," ती म्हणाली, "खरं तप कसं असते. चाळीस दिवस करते आन सांगते का जेवली! जराशी बढाई नाई!" आणि तिनं थेट गाडीच्या दांडीवर कपाळ टेकलं.

आता काय करावं? खरं सांगून माणूस आणखीनच खोलात! तारामतीनं ब्रिजेटबाईला आवळून धरलं आणि सुचेल तसं सांगितलं की तिथं पोचल्यावर ही तुमच्याकडं एक नेम मागेल, आणखी एकोणतीस दिवसांचा, आणि डॉक्टर म्हणतात ती मरेल, आणि तुम्ही "नाही" म्हणा, काहीही झालं तरी "नाही".

एका विहिरीसाठी? बारा दिवस? "अहो, तिला वर घ्या!" म्हणत ब्रिजेटबाईनं टोप सावरला आणि चालत्या गाडीतून धपकन खाली उडी मारली. लोकांनी जयघोष केला. तपस्वी बाई गाडी सोडून पायी चालते! ब्रिजेटबाई पानाबाईला दोन्ही हातांनी उचलून गाडीत घालायला बघतेय, पानाबाई तिच्या पायाला मिठी घालायला बघतेय, आणि बँडवाल्यांना वाटलं नाच चाललाय, त्यांनी ठेका बदलला. शेवटी दोघीही पायीच निघाल्या, एकमेकींचा दंड धरून, एक उन्हानं मिरचीसारखी लाल आणि एक उपासानं कापसासारखी पांढरी.

गाडीत राहिली एकटी तारामती. तेवढ्यात रिसोडची उशिरा आलेली जीप धुरळा उडवत पोचली. त्यातून उतरलेल्या चौदा जणांनी फुलांनी मढलेली गाडी पाहिली, खुर्चीशेजारी बसलेली बाई पाहिली, आणि मागचापुढचा विचार न करता तिच्या गळ्यात हार घालून पाया पडले. "धन्य हाय माय तुही!" एक म्हातारी रडत म्हणाली. "खाल्ल्याबिगर राह्यलं तरी कसं तुले?"

तारामतीनं पदराची गाठ मुठीत लपवली. तिच्या पदरात सकाळची बांधलेली शेव होती.

तांड्यावर सगळं सज्ज होतं. विहिरीचा कठडा चुन्यानं रंगवलेला, आंब्याच्या पानांचं तोरण, आणि गोमतीबाई चांदीनं मढून हातात पितळी लोटा घेऊन उभी. तिच्यामागं तांड्यातल्या झाडून सगळ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ओळीनं. फादरनं लांबून बँडसकट येणारा तो लोंढा पाहिला आणि छातीवर क्रूस काढला.

गोमतीबाईनं वेळ घालवला नाही. पोहऱ्यानं पाणी काढलं, लोटा भरला आणि ब्रिजेटबाईसमोर धरला. "घे माय. आमच्यापाई उपाशी राह्यली तू. पयला लोटा तुहा."

पण लोटा हातात जायच्या आधीच पानाबाई मधे आली. तिनं पदर पसरला, गुडघे टेकले, हात जोडले. "आधी मले पच्चक्खाण द्या, माय. एकोनतीसचं. तुमच्या तोंडून."

सगळे थांबले. बँडही थांबला. ब्रिजेटबाईनं तारामतीकडं पाहिलं आणि "नाही, नाही, नाही" म्हणत जोरजोरानं मान हलवली. मग ती फादरकडं वळली आणि एका दमात इतकं बोलली, इतकं बोलली, की शेवटी तिला हुंदकाच आला.

फादरनं घाम पुसला. त्याला आता कुठं सगळं कळत होतं. "मंडळी," तो म्हणाला, "बाई म्हणतात, मी उपाशी राहिले नाही. आमच्याकडं उपास म्हणजे आपल्याला जे सगळ्यात आवडतं ते चाळीस दिवस सोडायचं. मी गोड सोडलं. बाकी सगळं खाल्लं. हा मान मी घेऊ शकत नाही. इथं तुमच्यासाठी खरोखर उपाशी असलेली एकच बाई आहे." आणि त्यानं खाली बोट केलं.

मालेगावचे पंच एकमेकांकडं बघेनात. कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी त्याला चिमटा काढला.

पानाबाई गुडघ्यांवरच होती. "गोड आवडते तिले?" तिनं विचारलं.

"फार," फादर म्हणाला.

"चाळीस दिवस एकदाबी नाई खाल्लं?"

"एकदा म्हणे खाल्लं. मग दुप्पट पैसे डबीत टाकले."

इथं तारामतीला वाटलं, आता म्हातारी चिडणार. आता एकेकाची हजामत होणार, फादरपासून सुरुवात. पानाबाई मात्र गुडघ्यांवरूनच, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मले खान्याचं काय! मले लहानपनापासून कधी भूकच लागत नाई. उपासात मले कायचा तरास? मले आवडते ते दुसरंच. बारा दिवस झाले, रोज डोळे मिटले का मले माहाच वरघोडा दिसते. पुढं बँड. लोक पाया पडून राह्यले. आन म्हनून राह्यले का पानाबाईवानी कोनी नाई. ते मी एक दिवस नाई सोडलं."

चंपालाल तोंड फिरवून डोळे पुसत होता.

गोमतीबाईला मात्र एवढा वेळ थांबायची सवय नव्हती. तिनं ब्रिजेटबाईपुढचा लोटा काढला आणि पानाबाईपुढं धरला. "ते तुमचं तुमी पाहा, सेठानीबाई. पन बारा दिवस आमच्यापाई पोटात अन्न नाई, ते तुमच्याच ना? मंग पयला लोटा तुमचा. तुमी पेल्या नाई तर आमी बी नाई पेनार. अजून दीड मयना जाऊ नाल्यावर, आमाले सवय हाय."

चंपालाल पुढं झाला. "बाई, ते उकळलेलं नाई! कच्चं पानी हाय! उपास मोडन!"

"उकळून आनू का?" गोमतीबाईनं विचारलं. "चूल पेटवतो. थांबा घडीभर."

उकळलेलं प्याली तर उपास तसाच राहणार, आणि मग आजचा नेम, उद्याचा नेम, आणि परवा डॉक्टर येणार नाहीत. तारामतीनं सासूकडं पाहिलं. सासू तिच्याचकडं बघत होती.

"तारा. आज पच्चक्खाण घेतलं का वो मी?"

"नाई बाई," तारामती म्हणाली. "आज नाई घेतलं. तुमी मोकळ्या हा."

पानाबाईनं मान हलवली आणि गोमतीबाईकडं वळली. बारा दिवसांची उपाशी, उन्हानं कोमेजलेली, तरी नजर तीच, दुकानात भेसळीची डाळ पकडणारी. "तुह्या लेकरायले उकळून देतं का पानी?"

"आमच्यात कोन उकळते, माय? सरपन कुठं हाय?"

"कच्चंच पेतात?"

"कच्चंच."

पन्नास वर्षांत पानाबाईनं आपल्या घरच्या हंड्याबाहेरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. लेकीच्या सासरीसुद्धा स्वतःची कळशी घेऊन जायची. सगळा गाव ओळखून होता, सगळा गाव बघत होता, चार गावचे पंच बघत होते, आणि ज्या नावापायी तिनं बारा दिवस काढले ते नाव त्या लोट्याच्या काठावर उभं होतं. तिनं पदराची दुहेरी घडी केली, लोट्यावर धरली. "गाळून तर घेऊ दे," ती कुरकुरली. "आन मंग हा पदर विहिरीतच खंगाळ हो. त्यात जीव असतात, त्याईले त्याईच्या घरी जाऊ दे."

"हो माय," गोमतीबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली.

पानाबाई प्याली. एक घोट, दुसरा घोट. तिसऱ्या घोटाला तिनं डोळे मिटले. मग लोटा पार उलटा करून शेवटचा थेंबही प्याली, पदरानं तोंड पुसलं, आणि रिकामा लोटा गोमतीबाईपुढं धरला.

"गोड हाय वो," ती म्हणाली. "अजून दे."